दामल्यांची खुर्ची

यज्ञेश्वर दामले आयुष्यात कधी कुणासाठी उभं राहून टाळ्या वाजवत नाहीत, ही गोष्ट नारायण पेठेत सगळ्यांना ठाऊक होती आणि दामल्यांना तिचा अभिमान होता. गाणं कितीही रंगो, नाटकाच्या शेवटी अख्खं थिएटर उभं राहो, दामले आपले मांडीवर मांडी टाकून बसलेले. फार झालं तर 'बरं होतं' म्हणायचे. हे 'बरं होतं' म्हणजे त्यांच्याकडचं सगळ्यात मोठं पारितोषिक, आणि तेही वर्षातून एखाद्यालाच मिळायचं. विमा कंपनीत ते दाव्यांच्या खात्यात होते. कुणाचं गोदाम जळालं, कुणाची स्कूटर चोरीला गेली, त्याचे कागद वाचायचे आणि त्यातला खोटेपणा हुडकायचा, हीच उभ्या हयातीतली नोकरी. त्यामुळे कशावर चटकन विश्वास ठेवायचा नाही आणि कशाने चटकन हुरळायचं नाही, हे त्यांच्या अंगात पुरतं मुरलं होतं.

अशा माणसाला फुटबॉलच्या मॅचला घेऊन जायचं मनात आणणारा माणूस एक तर वेडा असला पाहिजे, नाही तर फार नडलेला. हमीद बागवान थोडेथोडे दोन्ही होते.

हमीदभाईंचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. राहायला भवानी पेठेत. पण हे सगळं पोटापाण्याचं झालं. खरा माणूस फुटबॉलचा. तरुणपणी कॅम्पातल्या एका क्लबातून ते बचावाला खेळायचे आणि समोरून येणाऱ्याला पुढे जाऊ द्यायचे नाहीत. पुण्याला आपला स्वतःचा व्यावसायिक संघ असावा, ही त्यांची जुनी हौस. तसे संघ मध्ये आलेही. आले, गाजावाजा झाला, आणि गाशा गुंडाळून गेले. प्रत्येक वेळी हमीदभाईंनी हौसेने संघाच्या रंगाचा गळ्यातला पट्टा घेतला होता. त्यातल्या एकाने त्यांच्या पत्नी अमिनाबी सध्या चुलीवरून गरम पातेली उतरवत होत्या.

आणि आता नवा संघ आला होता, पुणे शिलेदार. हमीदभाईंनी त्याचा वर्षभराचा जोडपास घेतला होता. दोन माणसं, शेजारशेजारच्या दोन खुर्च्या. घोडं अडलं ते इथेच. अमिनाबींच्या गुडघ्यांनी स्टेडियमच्या पायऱ्यांना साफ नकार दिला होता. मुलगा एजाज म्हणाला, अब्बा, मी मोबाइलवर नंतर गोलच तेवढे बघेन. जुने सोबती म्हणावेत, तर काही परदेशात मुलांकडे जाऊन बसलेले, काही कबरस्तानात. मागचा संघ बंद पडायच्या आधी हमीदभाई एकटेच मॅचला जायचे आणि शेजारची खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिच्यावर डब्याची पिशवी ठेवायचे. गोल झाला की वळून बघायचे, तर पिशवी. पुन्हा तसं बसायची त्यांची तयारी नव्हती.

दामल्यांची नि त्यांची दोस्ती सारसबागेतली. रोज सकाळी फिरून झालं की एका ठरलेल्या बाकावर दोघं बसायचे आणि भांडायचे. तिथेच हमीदभाईंनी विषय काढला. दामले म्हणाले, ज्यात दीड तासात एखाददुसरी गोष्ट घडते त्याला खेळ म्हणत नाहीत, सरकारी काम म्हणतात. हमीदभाईंना असा राग आला की त्यांनी तिथल्या तिथे पैज लावली. पहिल्या मॅचला तुम्ही खुर्चीतून एकदा तरी उठणार. उठलात, तर वर्षभर शेजारच्या खुर्चीत यायचं. नाही उठलात, तर पेठेतल्या व्याख्यानमालेला मी पहिल्या रांगेत बसेन, सगळे दिवस, आणि जांभई देणार नाही. यंदाचं पहिलंच व्याख्यान पेशवेकालीन वजनमापांवर होतं. दामल्यांना ही कल्पना इतकी आवडली की ते लगेच अटी सांगू लागले. राष्ट्रगीत वगळून. स्वच्छतागृह वगळून. आग, भूकंप आणि दंगल वगळून.

शेजारी मंदाकिनीवहिनी, म्हणजे सौ. दामले, डोळे मिटून प्राणायाम करत होत्या. त्यांनी एक डोळा उघडला आणि आपणही येणार म्हणून जाहीर केलं. मग निघताना हमीदभाईंना बाजूला घेऊन त्या हळूच म्हणाल्या, "ह्यांना उठवायचंय ना? मग चांगलं काही दाखवू नका. चांगलं बघून हे कधीच उठले नाहीत. हे फक्त तक्रार करायला उठतात."

हमीदभाई नुसते हसले. त्यांच्या डोक्यात स्वतःच्या युक्त्या होत्या, आणि स्वतःच्या युक्त्या असलेला माणूस दुसऱ्याचं कशाला ऐकतो.

मॅचचा रविवार उजाडला. वहिनींचं तिकीट वेगळं काढून हमीदभाईंच्या जुन्या व्हॅनमधून तिघं बालेवाडीला पोचले. समोरचा संघ कोल्हापूरचा, रंकाळा वॉरियर्स, आणि त्यांचे लोक गाड्या भरभरून आलेले. कोल्हापूर फुटबॉलवर पोसलेलं गाव; त्यांची गॅलरी मॅच सुरू व्हायच्या आधीच घामाघूम झाली होती. इकडे पुणेकर रांगेत उभे राहून रांग कशी असावी यावर चर्चा करत होते. दारावरच्या माणसाने दामल्यांची पाण्याची बाटली काढून घेतली, तेव्हा दामल्यांनी तिची पावती मागितली. त्या गडबडीत वहिनी विणकामाच्या पिशवीत लोकरीखाली चकल्यांचा डबा घालून मजेत आत निघून गेल्या.

'जागा बघून ठेवतो' म्हणून हमीदभाई पुढे पळाले आणि आतून पाणी घेऊन त्यांनी दामल्यांची खुर्ची छान ओली करून ठेवली. ओल्या खुर्चीत कोण बसेल? दामले आले, त्यांनी चष्म्यावरून खुर्चीकडे पाहिलं, काखेतला पेपर काढला, नाटकसिनेमाचं पान बाजूला ठेवून उरलेला चौघडी करून अंथरला आणि वर बसले. कार्यक्रमाला जाताना पेपर घेऊन जावा, हे नारायण पेठेत कुणाला शिकवावं लागत नाही. राष्ट्रगीताला ते ताठ उभे राहिले. हमीदभाईंनी आशेने पाहिलं, तर गीत संपताच दामल्यांनी एक बोट वर केलं आणि "वगळलेलं आहे," एवढं म्हणून ते पुन्हा पेपरावर टेकले.

दुसरी युक्ती जास्त पक्की होती. कर्वेनगरच्या कॉलेजातली शेफाली ही शिलेदारांच्या चाहत्यांची म्होरकी, ढोल-ताशाचं अख्खं पथक घेऊन आलेली. हमीदभाईंनी तिला आधीच पटवलं होतं की तुम्ही अगदी आमच्या समोर उभे राहा आणि शेवटपर्यंत बसू नका. समोर नुसत्या पाठी दिसायला लागल्या की माणूस उठणार नाही तर करणार काय?

मॅच सुरू झाली. पथक उभं राहिलं. दामल्यांनी थोडा वेळ समोरची पाठ निरखली आणि मग, ज्या आवाजाने त्यांनी आजवर कितीतरी नाटकांत पुढच्या रांगा वठणीवर आणल्या होत्या, त्या आवाजात म्हणाले, "खाली बसा." शेफाली तशी कुणाला भीक घालणारी मुलगी नव्हती, पण तो आवाज ऐकून तिचे गुडघे आपोआप वाकले. तेवढ्यात मागच्या रांगांतूनही 'बसा हो, बसा' सुरू झालं. हे कुणीतरी म्हणावं म्हणून लोक जणू वाटच बघत होते. बघता बघता पुण्याची अख्खी गॅलरी खाली बसली, पायावर पाय टाकून, हाताची घडी घालून. ढोलवालेसुद्धा बसून वाजवायला लागले आणि त्या ढोलांचा आवाज गच्चीत गाद्या झोडपल्यासारखा यायला लागला.

कोल्हापूरकरांना एवढं आयतं मिळाल्यावर ते सोडतात की काय. त्यांनी लगेच ताल धरला, झोपा पुणेकर झोपा, अजून चार वाजायचं हाईत. हमीदभाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

पुढे एकदा पंचांच्या मदतनिसाने कडेला उभं राहून झेंडा वर केला आणि खेळ थांबला. दामल्यांनी विचारलं, हे काय. हमीदभाईंना ऑफसाइड समजावून सांगायची पाळी पहिल्यांदाच आलेली नव्हती, पण दामल्यांसाठी त्यांनी खास पुण्याचं उदाहरण काढलं. असं बघा, दुपारी बंद असलेलं दुकान चार वाजता उघडतं. शटर वर जाईल त्या क्षणी तुम्ही पायरीवर पाहिजे. आधीच आत शिरून उभे राहिलात, तर चालणार नाही. शटर वर गेल्यावर मग काय पळायचं ते पळा. आपल्या गड्याच्या पायातून चेंडू सुटला की शटर वर गेलं, आणि त्यांच्या बचावाचा शेवटचा माणूस, तो गोलकीपर सोडून, ती पायरी.

दामल्यांनी ते पुनःपुन्हा विचारून घेतलं. म्हणजे चेंडू सुटला तो क्षण धरायचा, पोचला तो नव्हे. बरोबर. म्हणजे पोचताना माणूस पुढे दिसला तरी तेवढ्यावर दावा फेटाळता येत नाही. बरोबर. दामले मान डोलावून त्या झेंड्याकडे निरखून पाहू लागले. हमीदभाईंना वाटलं, चला, गडी रमतोय.

मध्यंतराच्या जरा आधी शिलेदारांनी गोल केला. नव्या संघाचा पहिलावहिला गोल! सगळी गॅलरी शिस्तबिस्त विसरून उठली, ढोल उभे राहिले, शेफालीने ओळखपाळख नसलेल्या तिघाचौघांना मिठ्या मारल्या, वहिनी खुर्चीवर चढल्या. हमीदभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सवयीने शेजारी वळून पाहिलं. पिशवी नव्हती, माणूस होता, पण तो बसलेला होता, आणि दोन पाठींमधल्या फटीतून बघून म्हणत होता, "बरा होता."

एरवी हे ऐकून कुणी नाचला असता. हमीदभाईंचा चेहरा पडला.

मध्यंतरानंतर तर कहर झाला. कोल्हापूरच्या एका पोराने दुरून फ्री किक घेतली. चेंडू आडव्या उभ्या खेळाडूंच्या भिंतीवरून गेला, हवेतच वळला आणि कोपऱ्यातून जाळीत शिरला. इतका देखणा गोल की पुण्याची गॅलरी क्षणभर चिडीचूप झाली. आणि त्या शांततेत, मांडीवरची मांडी न हलवता, दोन्ही हात वर करून दामल्यांनी दाद दिली.

"वन्स मोअर!"

सगळी गॅलरी त्यांच्याकडे वळली. नाट्यगृहात चांगलं पद झालं की आपोआप तोंडून निघतं, तसं ते निघालं होतं. त्यात गाणारा कुठल्या गावचा हे बघायची दामल्यांना सवयच नव्हती. शेफालीने शक्य तितक्या अदबीने विचारलं की काका, आपण नक्की कुणाच्या बाजूचे? दामले म्हणाले, मी प्रेक्षक आहे, आणि चांगलं ते चांगलं. तिकडून कोल्हापूरकरांनी हात हलवून त्यांना आपल्यात यायचं आमंत्रणही दिलं.

हमीदभाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्या गोलाचं त्यांना एवढं काही वाटलं नाही, गोल होतात. पण हा माणूस कुणाच्याच बाजूचा होणार नाही, हे त्यांना आता लख्ख कळलं. तो पैज जिंकणार, घरी जाणार, आणि पुढच्या मॅचला पुन्हा आपण नि आपली पिशवी. वजनमापांचं व्याख्यान एक वेळ सोसलं असतं. पिशवी सोसणार नव्हती. ते मान खाली घालून बसले आणि वहिनींनी पुढे केलेली चकलीसुद्धा त्यांनी घेतली नाही.

सामना बरोबरीतच संपत आला. शेवटाकडे शिलेदारांच्या मधल्या फळीतून चेंडू एकदम पुढे सुटला, नऊ नंबरचा पोरगा त्याच्यामागे सुसाट गेला आणि त्याने गोलकीपरला चकवून चेंडू जाळीत घातला. बालेवाडी दणाणली. पण कडेला झेंडा वर गेलेला होता. ऑफसाइड. गोल रद्द.

आता गंमत बघा. हमीदभाईंनी सगळी जवानी त्या बचावाच्या रेषेवर काढलेली. चेंडू सुटला तेव्हा पोरगा पुढे होता, चांगला हातभर पुढे होता, हे त्यांनी स्वच्छ पाहिलं होतं. झेंडा बरोबर होता. पण त्याच क्षणी त्यांना सारसबागेतला वहिनींचा उघडलेला एक डोळा आणि नंतरचा तक्रारीचा सल्ला आठवला. कांदा नासका निघाला तर गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगणारा हा माणूस दामल्यांच्या कानाशी वाकला आणि धडधडीत खोटं बोलला.

"बघितलंत? सरळ गोल होता. अन्याय झाला, दामले."

दामल्यांनी मैदानाकडे पाहिलं. मग झेंड्याकडे पाहिलं. मग मान वळवून जरा वेळ हमीदभाईंच्या तोंडाकडे पाहिलं. आणि मग त्यांनी मांडीवरची मांडी काढली, खालचा पेपर ओढून घडी घातली, आणि ते उठले.

नुसते उठले नाहीत, खुर्चीवर चढले. ज्या आवाजाने गॅलरी खाली बसली होती त्याच आवाजात त्यांनी मैदानाकडे हाक मारली, "अहो झेंडेवाले, नंबर तपासून किती दिवस झाले?" आणि नाकावरचा चष्मा काढून त्यांनी हात लांब करून पुढे धरला. "हा घ्या माझा. मला घरी जायला नसला तरी चालेल, हमीदभाई आहेत बरोबर."

पुण्याच्या गॅलरीला नेमकं काय करावं हे इतका वेळ कळत नव्हतं, ते आता कळलं. नाचणं-ओरडणं जमत नव्हतं. पण दुसऱ्याला त्याची चूक दाखवायची, म्हणजे घरचंच काम. पहिल्यांदा शेजारच्या निवृत्त मंडळींचे चष्मे निघाले, मग मागच्या रांगांचे, मग पोरांचे गॉगल. सगळी गॅलरी उभी राहून चष्मे हवेत नाचवायला लागली. शेफालीने ढोलावर ठेका धरला, नंबर काढा, नंबर काढा, आणि पथक असं तुटून पडलं की कोल्हापूरकरसुद्धा ऐकायला थांबले. झेंडेवाल्याने एकदा चोरून वळून पाहिलं. दामले शेवटपर्यंत खाली बसले नाहीत. चष्मा हातात वर धरलेला, त्यामुळे त्यांना मैदानातलं काहीही दिसत नव्हतं, आणि दर थोड्या वेळाने ते 'चेंडू कुणाकडे आहे' असं ओरडून विचारत होते. हमीदभाई सांगत होते आणि हसत होते आणि डोळे पुसत होते.

सामना बरोबरीत सुटला. बाणेर रस्त्यावर एका अमृततुल्यात तिघं चहाला थांबले. वहिनींचा घसा बसला होता, तरी त्या शेफालीकडून शिकलेला ठेका टेबलावर वाजवत होत्या. दामले चष्मा पुसत होते. पैज जिंकलेल्या हमीदभाईंना मात्र चहा गोड लागेना. ज्या माणसाला आपण शेजारी बसवतोय, त्याला खोट्याने आणून बसवलं तर त्याच्यापेक्षा पिशवी काय वाईट होती? शेवटी त्यांनी कप खाली ठेवला.

"दामले, पैज मी हरलो. तो ऑफसाइडच होता. मी स्वतः बघितलं होतं, हातभर पुढे होता. तुम्हाला उठवायला खोटं बोललो."

वहिनींचा ठेका थांबला. दामल्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, कानामागे नीट बसवला.

"हातभर नाही," ते म्हणाले. "दीड हात. शटर वर जायच्या आधीच तो गडी आत शिरून पुडा बांधून घेत होता."

"मग उठलात कशाला?" हमीदभाईंनी विचारलं. दामल्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, सावकाश एक घोट घेतला.

"उभी हयात लोकांचे खोटे दावे नामंजूर केले, हमीदभाई. माणसं समोर बसून रडली, तरी केले. आज तुमचं तोंड बघितलं आणि म्हटलं, मरायच्या आधी एखादा मंजूर करून बघावा."

हमीदभाईंनी दामल्यांच्या हातावर हात ठेवला आणि उगाचच चहावाल्याला आणखी तीन चहा सांगितले. चहा आल्यावर त्यांनी विचारलं की मॅच कशी वाटली. बरी होती, दामले म्हणाले. मग त्यांनी पुढची मॅच कधी आहे ते विचारलं, ती तारीख व्याख्यानमालेच्या आड येत नाही ना याची खात्री करून घेतली, आणि काखेतल्या ओलसर पेपराची घडी टेबलावर ठेवली.

"आणि एक सांगतो. पुढच्या वेळी माझी खुर्ची ओली करू नका. शब्दकोडं राहिलं होतं त्यात."